घरचा संगणक आणि केबलचा डबा



आज आम्ही एका डब्याची हकिगत सांगणार आहोत. हा बघा, टेबलावर ठेवला आहे. आकारानं पोथीएवढा, वजनानं त्याहून हलका. पुढच्या बाजूला चार-पाच बारके दिवे आहेत. मागच्या बाजूला भोकं आहेत. याला मोडेम म्हणतात.

तुमच्यापैकी काहींच्या घरी असा डबा आला आहे. टीव्हीची केबल ज्यानं दिली, त्यानंच हा दिला. पण घरात त्याला हात लावायची चोरी! पोरगं ओरडतं, "आई, तिकडं जाऊ नको, बिघडेल." बिघडला की केबलवाल्याला फोन. तो म्हणतो, "येतो." येतो चौथ्या दिवशी. डब्याला हात लावायला भ्यावं असं त्यात काही नाही. वीज जोडायचा प्लग तेवढा जपून, ओल्या हातानं धरू नये. बाकीच्या तारा धरल्या तर सहसा झटका बसत नाही.

हा डबा करतो काय? संगणकाला, म्हणजे कॉम्प्युटरला, दोनच खुणा कळतात. एक आणि शून्य. आपण लिहिलेलं पत्र, सातबारा, लेकीचा फोटो, सगळं तो या दोन खुणांत मांडतो. पण केबलच्या तारेतून जाते ती लहर. संगणकाला लहरीची भाषा येत नाही, तारेला खुणांची येत नाही. मग मध्ये दुभाष्या हवा. तो हा डबा. खुणांची लहर करणं याला इंग्रजीत मॉड्युलेशन म्हणतात, उलट करणं म्हणजे डिमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची डोकी तोडून जोडली आणि मोडेम हे नाव झालं.

आपल्या देशात सर्व लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला. तेव्हाचा मोडेम टेलिफोनच्या तारेवर चाले. इंटरनेट चालू असेतोवर फोन बंद. केबलच्या तारेचं तसं नाही. एकाच तारेतून टीव्हीही येतो आणि इंटरनेटही येतं. दोघांच्या लहरी वेगळ्या, म्हणून एकमेकांत मिसळत नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी काचेच्या धाग्याची तार आली आहे. तिला फायबर म्हणतात. तिचा डबा वेगळा असतो, पण संगणक जोडायची रीत बरीचशी हीच.

आता तार बघा. ही काळी, जाड, करंगळीहून बारीक. कापलेल्या तोंडाकडं पाहा. मधोमध तांब्याच्या रंगाची एक ताठ तार आहे. तिच्याभोवती पांढरा थर, त्यावर चकाकणारा पत्रा आणि बारीक तारांची जाळी, वरून काळी साल. ती जाळी बाहेरच्या लहरी आत येऊ देत नाही. म्हणून ही तार उंदरानं कुरतडली किंवा खिडकीच्या फटीत चेपली, की वरून धड दिसते पण आतून गळते. तिच्या टोकाला पेचाचं तोंड आहे. ते मोडेमच्या पेचावर हातानं फिरवून घट्ट करायचं. पक्कड लावून पिळू नये. मधली तार वाकडी होऊन आत जाणार नाही याकडं लक्ष द्या.

टीव्हीला आणि मोडेमला तार वाटून देताना मध्ये एक बारका तुकडा लावतात. त्याला स्प्लिटर म्हणतात. पाटाच्या पाण्याचं जसं असतं, तसंच याचं. पाटाला दोन फाटे फोडले की प्रत्येकाला निम्मं पाणी. चार फोडले की चौथाई. तीन टीव्ही आणि वर मोडेम असं जोडलंत तर मोडेमच्या वाट्याला थेंब येतो, आणि मग आपण म्हणतो, इंटरनेट चालत नाही. मोडेमला पहिल्या फाट्यावर बसवायला सांगा. बोलायची भीड धरू नका. महिन्याचे पैसे तुम्ही मोजता.

दुसरी तार ही. हिला लॅन केबल म्हणतात. हिच्या पोटात आठ बारीक तारा आहेत, दोन-दोन पिळून चार जोड्या केलेल्या. टोकाला पारदर्शक प्लग आहे. त्याला एक जीभ आहे. भोकात घातला की जीभ 'टक' करून बसते. टक झालं नाही तर बसला नाही असं समजा. काढताना जीभ दाबून काढायचा, नुसता ओढला तर जीभ मोडते. टेलिफोनच्या तारेचा प्लग दिसायला असाच, पण लहान असतो. तो या भोकात शिरतो, म्हणून लोक फसतात. शिरला तरी काम होत नाही.

आधी काळी तार लावा, मग मोडेमची वीज चालू करा. दिवे लुकलुकतील. डबा तेव्हा तारेवर आपल्या कामाची लहर हुडकत असतो. दोन मिनिटं लागतात, कधी पाच. घाई करून बटण बंद-चालू करत बसलात तर तो पुन्हा पहिल्यापासून हुडकू लागतो. दिवे स्थिर झाले की लॅन केबल संगणकाला लावा आणि मग संगणक चालू करा.

इथपर्यंत कोणालाही जमतं. पण खरी अडचण पुढंच आहे, आणि ती आम्हाला कशी कळली ते ऐका.

२०१७ सालची गोष्ट. आमच्या वाचनवर्गात एक जुना संगणक होता. तो जळाला. कोणीतरी दुसरा दिला. आम्ही तारा काढल्या, नव्याला लावल्या. दिवे सगळे स्थिर. पण इंटरनेट नाही! तारा चार वेळा काढून घातल्या. नाही ते नाहीच. वर्गातल्या एका काकूंच्या लेकीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. मुदतीला तीन दिवस होते. पहिला दिवस फोन करण्यात गेला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याकडचा माणूस आला. त्यानं दिवे बघितले आणि म्हणाला, "डबा गेला. नवा घ्या, दोन हजार पडतील." आम्ही म्हटलं, उद्या देतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू येऊन बसल्या. पदराखाली कागदपत्रांची पिशवी. त्यांना नुकतं वाचता येऊ लागलं होतं. त्यामुळं दिसेल ते वाचायची सवय. बसची पाटी, साबणाची वडी, औषधाची बाटली, काहीही. त्यांनी मोडेम उचलला, उलटा केला आणि एकेक अक्षर लावू लागल्या. डब्याच्या पोटाला एक चिठ्ठी चिकटवली होती. पहिल्यांदा डबा बसवणाऱ्या पोरानं ती निळ्या पेनानं लिहिली होती.

"सं-ग-ण-क ब-द-ल-ल्या-स... गुरुजी, पुढचं जोडाक्षर हाय, पर लागतंय मला. मो-डे-म... पाच मि-नि-टे बंद ठेवावा."

चिठ्ठी दीड वर्ष तिथंच होती. आम्ही वर्गाला वाचन शिकवत होतो, पण डबा उलटा करून पाहण्याचं आमच्या मनात आलं नव्हतं.

वीज काढली. घड्याळ लावून पाच मिनिटं थांबलो. कोणी बोलेना. पुन्हा वीज लावली, दिवे स्थिर झाले, संगणक चालू केला. इंटरनेट आलं.

असं का झालं? प्रत्येक संगणकाच्या जोडणीला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो. बारा अक्षर-अंकांचा. त्याला मॅक पत्ता म्हणतात. मॅक पत्ता म्हणजे जणू अंगावरची जन्मखूण. पुष्कळ ठिकाणी मोडेम चालू झाल्यावर पहिल्यांदा जो संगणक भेटतो, त्याचीच खूण तो लक्षात ठेवतो. दुसरा आला तर दारात उभा करतो. वीज गेली की त्याची आठवण पुसते. म्हणून नवा संगणक जोडायचा तर डबा बंद करूनच जोडावा. काही केबलवाले ही खूण आपल्या वहीतही लिहून ठेवतात. तसं असेल तर डबा बंद करून भागत नाही. त्यांना फोन करून सांगावं लागतं, "संगणक बदलला, नवा नंबर लिहून घ्या."

आणखी एक खूण सांगतो. सगळं ठीक झालं की केबलवाल्याकडून संगणकाला एक तात्पुरता पत्ता मिळतो. हा मॅक पत्त्याहून वेगळा. चार आकड्यांचा, मध्ये टिंबं. तो संगणकात बघता येतो. कसा ते मागाहून दाखवू. हा पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर तो कोणी दिलेला नाही. संगणकानं थकून स्वतःच घेतला आहे. मग त्या माणसाला ठणकावून विचारा, "पत्ता का मिळत नाही?" एवढं विचारलं की पुढचा माणूस नव्या डब्याची भाषा जरा जपून करतो.

पावसाळ्यात मात्र सावध राहा. आभाळ भरून आलं, की गडगडाट व्हायच्या आधीच मोडेमचा विजेचा प्लग आणि काळी तार दोन्ही काढून ठेवा. नुसतं बटण बंद केलं म्हणून भागत नाही, विजेचा लोळ काळ्या तारेनंही येतो. डोक्यावर कडकडाट सुरू झाला असेल तर मग काढायला जाऊ नका. डबा जळाला तर जळू द्या.

काकूंचा अर्ज त्या रात्री दहाच्या आत गेला. पोचपावतीचा नंबर त्यांनी वहीत आपल्या हातानं उतरवला, दोनदा ताडून पाहिला, आणि मग जेवायला घरी गेल्या. दोन हजार रुपये आमच्या पेटीतच राहिले. त्यांतून वर्गाला पाट्या आणि एक भिंतीवरचं घड्याळ आणलं.

बरं, आता बोलणं पुरे. दोघं-दोघं पुढं या. तार आधी हातानं चाचपून बघा, मग पेच फिरवा. मावशी, तुम्ही पहिल्या या, तुमचा डबा तर घरी बंदच पडला आहे. आणि डबा उलटा करून बघायला विसरू नका.