दोराचं दुसरं टोक
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातले अनुभव’ हा विषय दिला आणि वर दहा मिनिटांची ताकीद दिली. नोकरीबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सकाळी लॅपटॉप उघडायचा, संध्याकाळी मिटायचा. ते हिंजवडीत काय आणि जर्मनीत काय, सारखंच. म्हणून मी आज कातळ चढण्याबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेतलं हसू मला ऐकू येतंय. खो-खोच्या संघात मी कायम राखीव असायचे, हे तुम्ही विसरला नाहीत तर!

२०१६ साली मी न्यूरेंबर्गला गेले. वय सदतीस, एकटी, जर्मन भाषा जेमतेम. कोणी वाईट वागलं नाही, हे आधी सांगते. शेजारी जिन्यात भेटले की नमस्कार करायचे आणि आपापलं दार लावून घ्यायचे. ऑफिसात सगळे सौजन्याने वागायचे आणि शुक्रवारी दुपारी आपापल्या घरी जायचे. रविवारी तिथे दुकानंही बंद. सोमवारी सकाळी लक्षात यायचं, की दोन दिवसांत आईबाबांशी फोनवर बोलले तेवढंच. परत यावं का, हा विचार त्या वर्षी अनेकदा केला.

न्यूरेंबर्ग, बांबर्ग आणि बायरॉइट या शहरांच्या मधल्या डोंगराळ भागाला गिर्यारोहक ‘फ्रँकेनयुरा’ म्हणतात. आपल्या सह्याद्रीसारखे उंच कडे तिथे नाहीत. दाट झाडीतून मधेच दहा-वीस मीटरचे सुळके आणि भिंती वर आलेल्या दिसतात. आपला दगड काळा. तो करडा-पांढरा, चुनखडीचा, पाण्याने झिजून छिद्रं पडलेला. अशा हजाराहून जास्त कातळांवर चढाईचे दहा हजारांहून जास्त मार्ग आहेत.

या भागाची एक गोष्ट आपल्या गणिताच्या सरांना आवडेल. कुर्ट आल्बर्ट नावाचा एक गिर्यारोहक होता. पेशाने गणित आणि भौतिकशास्त्राचा शिक्षक. त्या काळी खिळ्यांना धरून, त्यांवर पाय देऊन कडे चढायची पद्धत होती. याने १९७५ साली ठरवलं, की दोर आणि खिळे फक्त पडलो तर वाचायला. चढायचं ते स्वतःच्या हातापायांनी. असा एखादा मार्ग पूर्ण चढून झाला, की तो पायथ्याशी लाल रंगाचा ठिपका काढायचा. आज जगभर कुठेही असा मार्ग न पडता चढला, तर त्याला ‘रेडपॉइंट’ म्हणतात, ते या ठिपक्यावरून. याच भागात १९९१ साली वोल्फगांग ग्युलिश याने ‘आक्सिऑन डिरेक्ट’ हा मार्ग चढून दाखवला. एकेका बोटापुरत्या छिद्रांत बोटं अडकवून चढायचं! त्या काळचा तो जगातला सर्वांत अवघड मार्ग मानला गेला.

माझा त्या मार्गाशी संबंध खालून मान वर करून बघण्यापुरताच. मी गेले ती जर्मन आल्पाइन क्लबच्या नवशिक्यांच्या वर्गाला. ही संस्था १८६९ सालची, दहा लाखांहून जास्त सभासदांची. गावोगावी तिच्या शाखा आहेत. वर्गणी भरली, की कोणीही वर्गाला आणि सहलींना जाऊ शकतो.

पहिली गंमत भाषेची. जर्मनमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे: ‘डू’ आणि ‘झी’. ऑफिसबाहेर मला सगळे ‘झी’ म्हणायचे. कातळाखाली पोचल्यावर साठीच्या एका काकांनी हात पुढे केला, नुसतं नाव सांगितलं आणि ‘डू’ सुरू केलं. कातळापाशी सगळे एकमेकांना ‘डू’च म्हणतात. वर्षभरात मला कोणी ‘तू’ म्हटलं नव्हतं. एवढ्याशा शब्दाने बरं वाटलं.

दुसरी गोष्ट तपासणीची. चढण्याआधी दोघांनी एकमेकांचा पट्टा, आठाची गाठ आणि दोर धरण्याचं उपकरण बघायचं, हात लावून. तीस वर्षं चढणारा असला, तरी सुटका नाही. आमच्या व्यवसायात दुसऱ्याने तपासल्याशिवाय कोड पुढे जात नाही, पण तपासणारा निघाला की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. इथे त्या काकांनी स्वतःची गाठ माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, “बघ नीट.” मी तेव्हा दोन आठवड्यांची विद्यार्थिनी होते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझं वजन ५२ किलो, काकांचं ८५. ते वरून पडले असते, तर खाली दोर धरणारी मी वर खेचली गेले असते. सोपा उपाय होता: काकांचा दोर दुसऱ्या कोणी धरायचा आणि मी फक्त चढायचं. पण त्यांनी पिशवीतून घर्षण वाढवणारं एक उपकरण काढलं, ते भिंतीवरच्या पहिल्या बोल्टला कसं लावायचं ते दाखवलं, आधी थोड्या उंचीवरून दोनदा मुद्दाम पडून माझा हात बघितला, शेजारी एक जाणता माणूस उभा केला आणि मग वर गेले. त्या दिवशी मी त्यांचा दोर धरला.

आपण पाहुण्याला पाटावर बसवतो, आग्रह करकरून वाढतो, त्याला ताट उचलू देत नाही. ते मला अजूनही प्रिय आहे. पण तिथे मला कोणी पाहुणी म्हणून बसवलं नाही. त्यांनी मला काम दिलं. दोराचं दुसरं टोक हातात दिलं. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे कळल्यावर परकेपणा जितका कमी झाला, तितका तो कुठल्याही जेवणाने झाला नसता.

जेवणही होतंच म्हणा. चढाईनंतर गावातल्या खानावळीत जायचं. तिथे रिकामं टेबल शोधत नाहीत; “इथे जागा आहे का?” विचारायचं आणि अनोळखी लोकांशेजारी बसायचं. मी मांस खात नाही आणि बिअर पीत नाही. बिअरसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या मुलखात ही तशी अडचणच. खानावळीच्या मालकीणबाईंनी पहिल्यांदा भुवया उंचावल्या. नंतर मी दिसले, की न सांगता बटाट्याचे मोठे उकडलेले गोळे आणि अळंब्यांची आमटी यायची, सोबत सफरचंदाचा रस आणि सोडा. परतीच्या रस्त्यावर जून-जुलैत शेतकरी चेरीचे डबे मांडून ठेवतात. विकायला कोणी नसतं. शेजारच्या डब्यात पैसे टाकायचे आणि निघायचं.

आता एक अवघड गोष्ट. एप्रिल २०२१ मध्ये माझे बाबा गेले. तुमच्यातले कितीतरी जण त्यांना ओळखत होतात. करोनाची दुसरी लाट होती आणि मी वेळेत पोचूच शकत नव्हते. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला. तिथेही निर्बंध होते. बाहेर एका वेळी एकाच परक्या माणसाला भेटता यायचं. आमच्या गटातल्या एका बाईंनी सकाळी निरोप पाठवला, “खाली उभी आहे. बूट घाल.” आम्ही पेग्निट्झ नदीच्या खोऱ्यातल्या जंगलात चार तास चाललो. एका कातळापाशी पाटी होती: घुबडांची घरटी आहेत, पिल्लं उडेपर्यंत चढाई बंद. ती वाचून आम्ही दुसरीकडे वळलो. त्या फारसं बोलल्या नाहीत. एका दगडावर बसल्यावर त्यांनी डबा उघडला, पाव माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “वडिलांबद्दल सांग.” मी सांगत राहिले, मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. बाबा पोरांना अजिंक्यताऱ्यावर कसे न्यायचे, तेही सांगितलं.

त्या सकाळी माझ्या गावातली, नात्यातली माणसं माझ्याजवळ येऊ शकत नव्हती. ज्यांच्याशी रक्ताचं, भाषेचं काही नातं नव्हतं, ती बाई आली. हे ऋण मी त्यांना फेडू शकत नाही. त्यांना त्याची गरजही नाही.

पण ते इथे फेडता येईल, असं मला वाटतं. आपल्या साताऱ्यात एमआयडीसीत बिहार, ओडिशातून आलेली माणसं आहेत. त्यांची मुलं शाळेत मराठी शिकतायत. बँकांत, इस्पितळांत बदलीवर आलेले तरुण एकटे राहतात. त्यांच्याशी आपण वाईट वागत नाही. माझे न्यूरेंबर्गचे शेजारीही वागत नव्हते. तुमच्यापैकी निम्मे तरी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर फिरायला जातात, हे मला आपल्या ग्रुपवरच्या फोटोंवरून माहीत आहे. येत्या रविवारी जाताना अशा एकाला सोबत न्या. दिवाळीत किल्ला करताना त्या मुलांच्या हातात माती द्या. शाळेच्या क्रीडासाहित्यासाठी आपण निधी जमवतोच आहोत, त्यात माझा वाटा आहेच. पण निधीबरोबर माणसंही लागतील. मी महिनाभर इथे आहे. रविवारी सकाळी सहाला गडाच्या पायथ्याशी उभी असेन. ज्यांना यायचं त्यांनी या, आणि येताना एकेक नवखं माणूस घेऊन या.