उजव्या बाजूचे उलटे आटे

सायकलीच्या सांगाड्यात आसनाची उभी नळी, पुढून उतरत येणारी तिरपी नळी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बारीक नळ्या जेथे एकत्र मिळतात, तेथे एक आडवे, आखूड आणि पोकळ नळकांडे असते. त्यात बसवलेला आस, त्याच्या दोन्ही टोकांच्या वाट्या आणि त्यांतील छर्रे या संचाला कारखान्यापासून रस्त्यावरील दुकानापर्यंत सर्वत्र ‘बॉटम ब्रॅकेट’ किंवा नुसते ‘बीबी’ म्हणतात. स्वाराच्या पायांचा जोर साखळीकडे जाण्यापूर्वी येथून जातो. आजच्या व्याख्यानाचा विषय मुख्यतः या नळकांड्याच्या आत कापलेल्या आट्यांचा आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आस, वाटी, छर्रे, साखळी यांपैकी काहीही झिजले तरी बदलता येते. आटे मात्र सांगाड्याचेच अंग आहेत. ते चिरडले गेले की सामान्य दुकानात तरी त्यावर उपाय नसतो आणि पंचवीस-तीस वर्षे चाललेली सायकल भंगारात जाते.

झाशीत हा विषय मांडण्यास विशेष कारण आहे. येथे 1895 साली रेल्वेचा कारखाना उभा राहिला आणि आस, आटे व बेअरिंग ज्यांच्या हाताखालून गेले अशा कारागिरांच्या अनेक पिढ्या या शहराने पाहिल्या. अशा जाणत्या हातांकडूनही सायकलीच्या बाबतीत चूक होते, आणि तिचे मूळ बहुधा त्यांच्या जाणतेपणातच असते. इंग्रजी अमदानीतील रेल्वेच्या कामात व्हिटवर्थ पद्धतीचे आटे रूढ होते. 1841 साली ठरलेल्या त्या पद्धतीत आट्याचा कोन 55 अंशांचा असतो. इंग्रजी पद्धतीच्या सायकलीचे आटे 60 अंशांचे असतात. वाटीचा व्यास 1.370 इंच आणि एका इंचात आटे 24. शिवाय नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या पुष्कळ सायकलींना इंचात 26 आटे ठेवले होते. अशी वाटी दुसऱ्या सांगाड्यात सुरुवातीला निमूटपणे शिरते, एक-दोन फेऱ्यांनंतर अडते, आणि मग कारागीर लांब दांड्याचा पाना शोधू लागतो. येथेच हात आवरला पाहिजे.

याहून मोठा घोटाळा दिशेचा आहे. डावी वाटी नेहमीच्या आट्यांची, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घट्ट होणारी. साखळीच्या बाजूची उजवी वाटी मात्र उलट्या आट्यांची असते. तिच्याकडे तोंड करून उभे राहिल्यास ती काट्यांच्या विरुद्ध दिशेने फिरवावी लागते. आणि याच बाजूच्या पायडलचे आटे मात्र सुलटे! एकाच बाजूच्या दोन भागांना परस्परविरुद्ध नियम का, हे पाठ करून ध्यानात राहत नाही. कारण कळले तर राहते.

एखाद्या बांगडीत पेन्सिल धरावी, तिला बांगडीच्या आतल्या कडेवर दाबावे आणि तशीच कडेकडेने काट्यांच्या दिशेने फिरवत न्यावी. पेन्सिल स्वतःभोवती उलट्या दिशेने गिरकी घेताना दिसेल. वाटी व नळकांडे यांचा संबंध असाच आहे. आटे कितीही घट्ट असले तरी त्यांत केसाएवढी फट राहतेच. आसाबरोबर छर्रे पुढे सरकतात, त्यांच्या दाबाचे ठिकाण उजव्या बाजूने पाहता काट्यांच्या दिशेने फिरते, आणि वाटी अगदी सूक्ष्म गतीने विरुद्ध दिशेस वळू पाहते. सुलटे आटे असते तर ती सैल झाली असती. उलट्या आट्यांमुळे ती घट्टच होते. पायडलच्या आसावर दाबाचे ठिकाण क्रँकच्या संदर्भात याच्या विरुद्ध फिरते, म्हणून तेथे नियमही विरुद्ध. इटालियन पद्धतीत दोन्ही वाट्या सुलट्या, 36 मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्यामुळे तेथील उजवी वाटी फार जोराने आवळावी लागते आणि तरीही ती सैल होण्याची तक्रार जुनीच आहे.

आता प्रत्यक्ष बसवणी. नळकांड्यातील आटे रॉकेल आणि ब्रशने धुऊन घ्यावेत. नव्या सांगाड्यात रंगाचे थर असतात, तेही काढावेत. आट्यांना ग्रीस लावून उजवी वाटी प्रथम बोटांनीच धरावी आणि चुकीच्या दिशेने, म्हणजे काट्यांच्या दिशेने, हलकेच फिरवावी. आट्याची सुरुवात जुळताच एक बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तेथून योग्य दिशेने वळवावे. तीन फेरे बोटांनी सहज गेले नाहीत, तर वाटी तिरपी लागली आहे किंवा माप वेगळे आहे असे समजून ती बाहेर काढावी. पान्याचे काम त्यानंतरचे. मग मात्र ही वाटी कडेपर्यंत पूर्ण आवळावी.

साध्या सायकलीत प्रत्येक वाटीत पाव इंचाचे 11 छर्रे ग्रीसमध्ये बसतात. थोडी जागा उरलेली दिसते आणि बारावा घालण्याचा मोह होतो. तो घालू नये. छर्रे एकमेकांवर घासू लागतात. आसाचे लांब टोक साखळीच्या बाजूस. डावी वाटी आस हलायचा थांबेपर्यंत आत न्यावी, किंचित मागे घ्यावी, आणि ती पान्याने जागच्या जागी धरून ठेवूनच बाहेरची लॉकरिंग आवळावी. वाटी न धरता रिंग आवळली तर आधीची सारी जुळणी बिघडते. शेवटी क्रँकच्या कॉटर पिना: एकीचा नट वर असेल तेव्हा दुसरीचा खाली असावा, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. पिनेवर हातोडा मारताना क्रँकखाली लोखंडी नळीचा भक्कम आधार हवा; तो नसेल तर प्रत्येक घाव छर्र्यांमधून वाटीवर उतरतो आणि तिच्या गुळगुळीत पृष्ठभागावर खळगे पडतात.

आजकाल बंद डब्यासारखे तयार बेअरिंग येते, त्यात छर्रे मोजावे लागत नाहीत. परंतु आट्यांनी बसणाऱ्या संचाला दिशेचा हा नियम लागूच राहतो. बुंदेलखंडात उन्हाळ्याचे तापमान 45 अंशांपलीकडे जाते, वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि पावसाळ्यात आसनाच्या नळीतून पाणी याच नळकांड्यात उतरते. ग्रीसमध्ये धूळ मिसळली की छर्रे अडकतात. आस पूर्ण जाम झाला तर तो उजव्या वाटीला स्वतःबरोबर काट्यांच्या दिशेने ओढतो, आणि मग तीच उलट्या आट्यांची वाटी सुटू लागते. दुधाचे कॅन लावून ओरछ्याच्या रस्त्याने येणाऱ्या गवळ्याला हे भर रहदारीत कळणे परवडणारे नाही.

छिन्नी आणि हातोड्याने वाटी फिरवणाऱ्या दुरुस्तीवाल्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. उजव्या वाटीचा खास पाना वर्षात मोजक्या वेळा लागतो आणि झाडाखाली बसून पंक्चर काढणाऱ्याला तो विकत घेणे जड जाते. चार-पाच दुकानांनी मिळून एक पाना ठेवला तरी पुष्कळ सांगाडे वाचतील. आणि बसवणीनंतर आठवड्याभराने सायकल पुन्हा तपासली पाहिजे, कारण छर्रे नव्या वाटीत बसले की थोडी ढिलाई येतेच. गिऱ्हाईक त्यासाठी बहुधा परत येत नाही. तेव्हा सायकल ताब्यात देण्यापूर्वी साखळी उतरवून, दोन बोटांनी क्रँक आडवा हलवून पाहणे हे काम दुरुस्ती करणाऱ्याकडेच उरते.