गोठ्यावरची नजर कोणाच्या हाती?

(पूर्णा येथे पशुपालक व शेतमजूर यांच्यापुढे केलेले भाषण)



जनावर पाळणे म्हणजे रात्री जागणे, हे पूर्णा-गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांस सांगावयास नको. म्हैस विण्यास आली, आखाड्याच्या आसपास लांडगा दिसला, शेळ्या चोरीस जाऊ लागल्या, की कोणास तरी शेतावर निजावेच लागते. हा 'कोणी तरी' मालक क्वचितच असतो. बहुधा तो पाडव्याला ज्याचे साल ठरले तो सालगडी असतो. लहान शेतकऱ्याच्या घरी तो म्हातारा बाप असतो किंवा घरची बाई असते. आता या जागरणाची जागा घेणारे एक यंत्र बाजारात आले आहे. आखाड्यावरचे चित्र तारेवाचून घरापर्यंत पाठवणारा कॅमेरा, हे ते यंत्र.

या यंत्राला विरोध करण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. माणसाचे कष्ट कमी करणाऱ्या यंत्राचे समाजवाद्याने स्वागतच केले पाहिजे. परंतु यंत्राबरोबर मालकीही येते, आणि ती कोणाची हा प्रश्न यंत्र विकत घेण्यापूर्वी विचारावयाचा असतो. त्यासाठी हे यंत्र चालते कसे, हे प्रथम समजून घेऊ.

कॅमेऱ्याचे चित्र गावापर्यंत नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मोबाइल कंपनीचा. कॅमेऱ्यात सिमकार्ड घालावयाचे आणि कंपनीच्या मनोऱ्यावरून चित्र पाठवावयाचे. त्याचा हिशेब साधा आहे. दर सेकंदाला एक मेगाबिट, इतके माफक चित्र अखंड पाठवले तरी चोवीस तासांत सुमारे १०.८ गिगाबाइट खर्ची पडतात. रोज दीड-दोन गिगाबाइट देणाऱ्या योजनेत हे बसत नाही. म्हणून असा कॅमेरा हालचाल दिसली तरच चित्र पाठवतो, आणि ते चित्र बहुधा दूरच्या एखाद्या कंपनीच्या संगणकात साठते. सिमकार्डाचा खर्च मात्र दर महिन्यास द्यावा लागतो.

दुसरा मार्ग आपला स्वतःचा. आखाड्यावर एका खांबावर एक दिशादर्शी अँटेना आणि गावात शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या छतावर दुसरी, असा रेडिओचा दुवा बांधावयाचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंतच्या उपकरणांस आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही. अट एवढीच की दोन्ही अँटेना एकमेकींना दिसल्या पाहिजेत. पूर्णा हे रेल्वेचे गाव. अकोल्याकडून येणारा मार्ग येथे परभणी-नांदेडच्या मार्गाला मिळतो. सिग्नलच्या आड फांदी आली म्हणजे काय होते, हे येथे पोरेही जाणतात. रेडिओलहरींचेही तसेच आहे. मध्ये दाट कडुनिंब किंवा वाढलेला ऊस आला की चित्र तुटते. आपली काळी जमीन बहुतांशी सपाट आहे, ही निसर्गाने दिलेली सोय होय. खांब उसाच्या शेंड्यांहून पुरेसा उंच घेतला, तर तीन-चार किलोमीटरचे अंतर असा दुवा सहज पार करतो. या मार्गाने जाणाऱ्या चित्राला मोबाइल कंपनीस एक पैसाही द्यावा लागत नाही, आणि ते गावातल्याच संगणकात साठवता येते.

विजेचा हिशेबही मांडला पाहिजे. कॅमेरा आणि अँटेना मिळून १० वॅट घेतात असे धरले, तर दिवसाला २४० वॅट-तास लागतात. १०० वॅटचे सौर पॅनेल उन्हाळ्यात ही गरज सहज भागवते. पण १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये. म्हणजे तिच्यातून ६०० वॅट-तास, अर्थात अडीच दिवसांचीच बेगमी मिळते. श्रावणातली झड अडीच दिवसांत थांबतेच असे नाही. म्हणून पॅनेल दुप्पट घ्यावे, आणि विकणारा काय सांगतो यापेक्षा आपल्या पावसाळ्याकडे पाहून यंत्र निवडावे.

याचा लाभ खरा आहे. म्हशीत मुका माज फार. ती ओरडत नाही, आणि माजाची लक्षणे अनेकदा रात्री किंवा पहाटेच दिसतात. ती रात्र हुकली की आणखी एकवीस दिवस गेले, वेत लांबले आणि दूधही लांबले. अंधारात पाहणारा कॅमेरा ही हानी टाळू शकतो. मराठवाडी म्हैस, लाल कंधारी गाय, उस्मानाबादी शेळी ही आपल्या प्रदेशाची जनावरे. ज्यांच्याकडे दोन-चारच जनावरे आहेत त्यांना या हानीचा फटका अधिक बसतो.

पण कॅमेरा ताप मोजत नाही, आणि पोटावर थाप मारून पोटफुगी ओळखत नाही. समजा, रात्री दोन वाजता पाण्याची पिशवी फुटली आणि दोन तास झाले तरी वासरू बाहेर येत नाही. हे चित्रात दिसेल. मग डॉक्टर कोठून आणावयाचा? परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय १९७२ पासून आहे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकांसाठी १९६२ हा क्रमांकही आहे. परंतु रात्री धावून येणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्याला हवा, ही मागणी कॅमेऱ्याने संपत नाही, उलट ती तीव्र होते. जनावर मरताना दिसावे आणि काही करता येऊ नये, याला कोणी प्रगती म्हणू नये.

आता मुख्य प्रश्न. जो कॅमेरा म्हशीला पाहतो, तोच सालगड्यालाही पाहतो. तो किती वाजता उठला, किती वेळ टेकला, कोणाशी बोलला, हे मालकाला घरबसल्या दिसू लागेल. जागरण वाचवण्यासाठी आणलेले यंत्र मजुराच्या पाठीवर बसेल. शिवाय शेण काढणे, गव्हाणीत कडबा टाकणे, धार काढणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. त्यांच्या संमतीवाचून त्यांची चित्रे साठवण्याचा अधिकार कोणास आहे? खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. तो अधिकार शहरातल्या सदनिकेपुरता नाही. आखाड्यावरच्या बाईलाही तो तितकाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर यंत्र नाकारण्यात नाही, ते यंत्र लहान आणि सामाईक ठेवण्यात आहे. १९५२ साली पंचमढीच्या अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला होता. आज तो विचार अँटेनेच्या रूपाने आपल्या दारी आला आहे. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघर जिल्ह्यातील पाड्यांपर्यंत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेऊन दाखवले. सांगली जिल्ह्यातील भिलवडीच्या चितळे डेअरीने जनावरांच्या कानांत रेडिओ-बिल्ले बसवून त्यांच्या नोंदी संगणकावर घेतल्या. तंत्र अवघड नाही, हे यावरून सिद्ध होते. मात्र दूध विकत घेणाऱ्याकडे जनावराची सारी नोंद असावी आणि दूध विकणाऱ्याकडे ती नसावी, हा व्यवहार बरोबरीचा होऊ शकत नाही. आपली नोंद आपल्या गावात, आपल्या दूध संस्थेच्या ताब्यात राहिली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. दहा-बारा पशुपालकांनी एकत्र येऊन एकच खांब, एकच दुवा, एकच संगणक घ्यावा. एका टेराबाइटच्या साठ्यात दहा कॅमेऱ्यांची सुमारे नऊ दिवसांची चित्रे मावतात; त्याहून अधिक ठेवण्याचे कारण नाही. कॅमेऱ्याचे तोंड दावणीकडे असावे, राहत्या झोपडीकडे आणि न्हाणीकडे कदापि नसावे. चित्र पाहण्याचा अधिकार कोणास, हे ग्रामसभेत ठरावे, आणि त्या सभेत सालगडी व स्त्रिया यांचा शब्द मोजला जावा. पाडव्याला साल ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट व्हाव्यात. कॅमेऱ्याच्या चित्रावरून मजुरी कापली जाणार नाही, आणि रात्रीचे जागरण वाचले म्हणून सालाचा आकडा घटणार नाही. वाचलेली झोप ही मजुराची कमाई आहे, मालकाचा नफा नव्हे.

ज्याने आजवर जनावरांसाठी रात्री जागून काढल्या, त्याला पहिल्यांदा निर्धास्त झोपता आले, तर हे यंत्र आपले. अन्यथा गोठ्यावर आणखी एका मालकाची नजर आली, एवढेच. यंत्र बाजारात मिळते, पण त्याचे नियम बाजारात मिळत नाहीत. ते पुढच्या पाडव्याच्या आत आपण येथे बसून करावयाचे आहेत.