खुर्ची कोणाची ते नंतर, खुर्चीचं काम काय ते आधी
(वडनेर भोलजी इथं कापूस वेचणीला आलेल्या मजूर बांधवांच्या बैठकीत आपल्या एका कार्यकर्त्यानं मांडलेले विचार. बैठकीला न आलेल्यांनी हा अंक पाड्यावर मोठ्यानं वाचून घ्यावा.)



दिवसभर वेचणी करून तुम्ही इथं बसले आहात. हायवेवरच्या ट्रकच्या आवाजात माझं बोलणं ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी परत सांगीन. भिल, भिलाला, पावरा, कोरकू, निहाल असे सगळेच इथं आहेत. कोणी जळगाव जामोदकडचे, कोणी संग्रामपूरकडचे. मजुरी इथं नांदुरा तालुक्यात, पण आपलं मत वर सातपुड्याच्या पायथ्याला आहे. त्या मताचंच बोलायचं आहे.

आपल्याकडं जिल्हा परिषदेचं मतदान २०१७ च्या फेब्रुवारीत झालं. २०२२ च्या मार्चमध्ये मुदत संपली आणि प्रशासक बसला. निवडणूक लांबत गेली. शेवटी २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. बरेच जण म्हणतात, "प्रशासक असला काय आन् मेंबर असला काय, आपल्याले काय फरक पडते?" फरक पडतो. तो कुठं पडतो तेच सांगतो.

वनहक्काचा कायदा २००६ चा. आपला दावा आधी ग्रामसभेत जातो, तिथून उपविभागीय समितीकडं आणि मग जिल्हा समितीकडं. या दोन समित्यांत कोण बसतं ते नियमात लिहिलेलं आहे. उपविभागीय समितीत सहा माणसं: प्रांत साहेब, वनखात्याचा अधिकारी, आदिवासी विकासचा अधिकारी आणि तीन पंचायत समितीचे सदस्य. जिल्हा समितीतही सहा: कलेक्टर, डीएफओ, आदिवासी विकासचा अधिकारी आणि तीन जिल्हा परिषदेचे सदस्य. म्हणजे अर्ध्या खुर्च्या निवडून आलेल्या लोकांच्या. त्या तिघांत कमीत कमी दोघं आदिवासी पाहिजेत आणि एक बाई पाहिजे, असंही नियम सांगतो. आता निवडून आलेला सदस्यच नसला, तर त्या अर्ध्या खुर्च्यांवरून आपली बाजू कोण मांडणार? आणि सदस्य असला पण त्याला हे माहीतच नसलं, तरी गत तीच.

म्हणून मत देताना पहिली गोष्ट ही बघायची की आपण कोणत्या खुर्चीसाठी मत देतो आणि त्या खुर्चीचं काम काय. जिल्हा परिषदेच्या दिवशी आपण दोन मतं देतो. एक गटाचं, म्हणजे जिल्हा परिषदेचं. दुसरं गणाचं, म्हणजे पंचायत समितीचं. पुष्कळ लोक एक बटण दाबून निघून येतात, तसं करू नका. ग्रामपंचायतीचं मतदान वेगळं. तिथं पक्षाचं चिन्ह नसतं. आपल्या वॉर्डाचे मेंबर निवडायचे आणि सरपंचही आता थेट आपणच निवडतो.

आता उमेदवार काय बोलतो ते ऐका. "मला निवडून द्या, महिनाभरात तुमचे पट्टे करून देतो" असं जो म्हणतो, त्याला कायदा माहीत नाही, नाहीतर तो तुम्हाला फसवतो. पट्टा देणं सरपंचाच्या हातात नाही आणि जिल्हा परिषदेच्या एकट्या मेंबरच्याही हातात नाही. पण काही गोष्टी त्यांच्या हातात आहेत, त्या त्यांना विचारा.

सरपंचाला उभं राहणाऱ्याला विचारा: वनहक्कासाठी ग्रामसभा बोलावशील का? त्या सभेला निम्मे लोक हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. चार माणसांच्या सह्या घरोघर फिरवून केलेली ग्रामसभा पुढं टिकत नाही, आणि तिच्यापायी आपला दावा पडतो. वनहक्क समितीत दहा ते पंधरा लोक, त्यात दोन तृतीयांश आदिवासी आणि एक तृतीयांश बाया. आपल्या गावची समिती कागदावर आहे की खरी आहे, हे त्याला सांगता आलं पाहिजे. नावं विचारा. पाच नावं सांगता आली नाहीत तर समजून घ्या.

गणाच्या आणि गटाच्या उमेदवाराला विचारा: त्या तीन खुर्च्यांसाठी नाव लावशील का? दावा फेटाळला तर कारण लेखी द्या, असं मीटिंगमध्ये बोलशील का? दावा फेटाळल्यावर अपील करायला साठ दिवस असतात. कागदच हातात आला नाही तर माणूस साठ दिवस मोजणार कुठून? २०१९ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं दावा फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा हुकूम दिला होता, आणि त्याच महिन्याच्या शेवटी त्याला स्थगिती दिली. ते पंधरा दिवस आपल्या पाड्यांवर कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको. फेटाळल्याचा एक कागद म्हणजे उद्या घर सोडायची नोटीस होऊ शकते. म्हणून त्या मीटिंगमध्ये तोंड उघडणारं माणूस पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची. डोंगरापलीकडं धारणी, चिखलदरा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागतो. २०१५ पासून तिथल्या गावांना आदिवासी योजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो. बुलडाणा जिल्हा त्या यादीत नाही. जात तीच, बोली तीच, जंगलही एकाला एक लागून, पण तो कायदा आपल्याला नाही. म्हणून इथं सरपंच आणि मेंबर कोण, याला जास्त वजन आहे. पंधराव्या वित्त आयोगाचंच उदाहरण घ्या. त्यातले शंभरातले ऐंशी रुपये ग्रामपंचायतीला, दहा पंचायत समितीला, दहा जिल्हा परिषदेला. गट ग्रामपंचायत असली की मोठ्या गावात पेव्हर ब्लॉक बसतात आणि पाड्यावरची बाई झिऱ्यावरून पाणी आणते. हा पैसा कुठं लावायचा ते आराखड्यात ठरतं, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. आपला मेंबर तिथं गप्प बसला तर पाड्याचं नाव त्यात येत नाही.

पण वनहक्क कायदा आपल्यालाही लागू आहे, हे विसरू नका. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्या गावानं स्वतःचा बांबू स्वतः विकला. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावानं सामूहिक हक्क घेऊन उजाड जंगल परत उभं केलं, आज तिथली सीताफळं विकली जातात. ही गावं काही आभाळातून पडली नाहीत. तिथं लोक ग्रामसभेत बसले आणि बसतच राहिले.

आता "आपल्या समाजाचा आहे, त्यालाच मत" या गोष्टीबद्दल बोलतो. आपला माणूस पुढं गेला पाहिजे, मीही तेच म्हणतो. राखीव जागा आपल्या हक्काची आहे. पण जागा राखीव निघाली की काही पुढारी आपल्यातलाच एक गरीब पोरगा शोधतात. फॉर्म ते भरतात, डिपॉझिट ते भरतात, गाडी त्यांची. निवडून आल्यावर सही पोराची आणि शिक्का पुढाऱ्याच्या खिशात. तेव्हा उमेदवाराची जात बघा, पण त्यानंतर हेही बघा की त्याचा खर्च कोण करतो. ज्यानं खर्च केला त्याचंच तो ऐकणार.

बायांचंही तसंच. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायांच्या आहेत. पण मीटिंगला नवरा जातो आणि बाई घरी भाकरी थापते. बाई उभी असली तर बाईलाच बोलायला लावा. "तुमचा नवरा नको, तुम्ही सांगा," असं म्हणा. ती अडखळत बोलली तरी चालंल. जी बाई सरपण, पाणी, मोहफूल यासाठी रोज जंगलात जाते, तिला वनहक्क म्हणजे काय ते कोणी शिकवायची गरज नाही.

बिनविरोधचं बोलतो. गावानं बसून चांगलं माणूस ठरवलं तर भांडण टळतं, खर्च वाचतो. पण बोली लावून बिनविरोध करणं वेगळं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी, या गावांत सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं बाहेर आलं, तेव्हा २०२१ च्या जानेवारीत निवडणूक आयोगानं तिथली निवडणूकच रद्द केली. देवळासाठी पैसे देतो म्हणाला तरी तो लिलावच. ज्यानं पद विकत घेतलं तो ते पैसे पाच वर्षांत काढणार, आणि आपल्याच पाड्याच्या कामातून काढणार.

कोंबडं, दारू, पाचशेची नोट येईल. घरात अडचण असते, मला माहीत आहे. पण हिशोब करा. पाच वर्षांचे दिवस होतात अठराशेच्या वर. पाचशे रुपयांना त्यानं भागून पाहा. एका दिवसाला तीस पैसेसुद्धा पडत नाहीत. इथं शेठ तीस पैसे रोजानं वेचणीला बोलावेल तर जाल का?

आता कामाच्या चार गोष्टी. पहिली, मतदार यादीत नाव आहे का ते आताच बघा, आणि कोणत्या वॉर्डात आहे तेही बघा. याद्या फोडताना एका घरातली नावं दोन वॉर्डांत जातात. दुसरी, उमेदवार शपथपत्र देतो, त्यात त्याच्यावरचे गुन्हे आणि त्याची मालमत्ता लिहिलेली असते. पाड्यावरच्या शिकलेल्या पोरांनी ते वाचून सगळ्यांना सांगावं. तिसरी, मतदानाच्या दिवशी गावी जायचं आहे हे मुकादमाला आधीच सांगून ठेवा, आणि एकेकटे न जाता गाडी करून सगळे मिळून जा. चौथी, एकही पटला नाही तर नोटाचं बटण आहे, पण घरी बसू नका. घरी बसलेल्याला कोणी मोजत नाही.

कोणाला मत द्या, हे नाव आपली संघटना सांगणार नाही. पाड्यावर बैठक बोलवा, उमेदवाराला खाली सतरंजीवर आपल्यासोबत बसवा आणि हे प्रश्न विचारा. जे उत्तर देईल ते वहीत लिहून त्याची सही घ्या. निवडून आल्यावर तीच वही घेऊन त्याच्या दारात जायचं आहे. मत एका दिवसाचं असतं, पण ती वही पाच वर्षं जपून ठेवा.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! जोहार.