पहारा फोनवर, नोंदवही उघडी



मोबाइल सुरू केला की आधी त्याची ओळख तपासली जाते. नेटवर्क एक आकडा पाठवतं, आणि सिमकार्ड आपल्या पोटातली १२८ बिटांची गुप्त किल्ली वापरून त्याचं उत्तर काढतं. तीच किल्ली नेटवर्कच्या कोअरमध्ये, म्हणजे त्याच्या मध्यवर्ती यंत्रणेतही नोंदलेली असते. उत्तर जुळलं तरच सेवा मिळते. किल्ली स्वतः हवेतून कधीच जात नाही.

फोनवर इतका कडक पहारा. मग किल्ल्यांच्या नोंदवहीवर किती असेल?

‘ओपन फाइव्ह जीएस’ हे मोबाइल कोअरचं मुक्त सॉफ्टवेअर आहे. ग्राहकांच्या नोंदी करायला त्यात एक वेबपान असतं: सिमचा क्रमांक टाका, किल्ली टाका, सेव्ह करा. २०२१ साली उघड झालं की २.१.३ या आवृत्तीत हे पान यंत्राच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर खुलं असतं आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड आधीच ठरलेला, १४२३. पण मला जास्त अस्वस्थ करतो तो त्याच वर्षीचा दुसरा दोष. ब्राउझरमध्ये लॉगिन मागितलं जायचं. ते बाजूला ठेवून सर्व्हरला थेट विनंती पाठवली, तर कुणी काही विचारतच नव्हतं. नोंदी वाचा, बदला, खोडा, स्वतःला अ‍ॅडमिन करून घ्या! दुकानाच्या शटरला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, तसं. २.२.१ आवृत्तीत ही चूक सुधारली.

‘यंत्र आपल्या आतल्या नेटवर्कवर आहे, तिथे कोण येतंय?’ हा समज याच्या मुळाशी असतो. पूर्वी कोअर म्हणजे बंद खोलीतली यंत्रं. आज तो साध्या सर्व्हरवर, क्लाउडवर चालतो. फायरवॉलचा एक नियम चुकला की आतलं ते बाहेरचं होतं. फाइव्ह जीच्या मानकांत कोअरच्या घटकांनी एकमेकांची ओळख तपासण्याची सोय आहे. पण हे वेबपान त्या वाटेने जातच नाही, ते थेट डेटाबेसमध्ये लिहितं.

तुमच्या कारखान्यात किंवा महाविद्यालयात या सॉफ्टवेअरवर चालणारं खासगी मोबाइल नेटवर्क असेल, तर तिथल्या अभियंत्याला लॉगिन न करता ग्राहकांची यादी मागून पाहायला सांगा. यादी आली, तर नुसतं सॉफ्टवेअर अद्ययावत करून भागणार नाही. पासवर्ड बदलता येतो. सिममध्ये कोरलेली किल्ली तशी बदलता येत नाही. ती फुटल्याचा संशय असेल, तर सिमकार्डंच नवी द्यावी लागतात. २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या एसके टेलिकॉममधून ग्राहकांची सिमची माहिती चोरीला गेली, तेव्हा कंपनीला दोन कोटींहून अधिक ग्राहकांना सिम फुकट बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली.