यंत्र जागे होत नाही तेव्हा

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर ओळखीचे चित्र उमटेपर्यंतचा अर्धा मिनिट आपण बहुधा चष्मा शोधण्यात घालवतो. तेवढ्यात आत मोठी हस्तांतरणे होत असतात. यंत्रात बसवलेली लहानशी आज्ञावली प्रथम जागी होते. ती 'बूट लोडर'ला हाक मारते. तो कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतीत आणतो. आणि कर्नल मूळ फाइलसंच शोधून कारभार हाती घेतो. यातील एक दुवा निसटला की पडदा काळा होतो आणि माणूस मार्गदर्शिकेकडे धावतो. ती मार्गदर्शिकाच चुकीची असली तर?

अशी एक मार्गदर्शिका मीच लिहिली होती.

आमच्या कचेरीत लिनक्सवर चालणारे एक यंत्र होते. ते अडल्यास काय करावे याचे दोन पानी टिपण मी भिंतीवर लावले आणि विसरून गेलो. 'कार्यप्रणाली एसडीए या डिस्कवर आहे' असे त्यात ठामपणे लिहिले होते. त्या दिवशी ते खरेही होते. पुढे यंत्रात दुसरी डिस्क बसली, नोंदी तिच्यावर गेल्या. कर्नल डिस्कना नावे देतो ती त्या सापडतील त्या क्रमाने. नाव डिस्कवर कोरलेले नसते. एके सकाळी क्रम उलटला आणि यंत्र अडले. मी रजेवर होतो. एका तरुण सहकाऱ्याने टिपण प्रमाण मानून एकेक पायरी केली. शेवटची पायरी होती : 'तरीही न जमल्यास एसडीए फॉरमॅट करून प्रणाली पुन्हा बसवावी.' त्याने तसे केले. ते नाव त्या वेळी नव्या डिस्ककडे होते. दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाच्या नोंदी गेल्या. कागदांवरून त्या पुन्हा भरेपर्यंत कित्येक वृद्धांनी व्यर्थ खेपा घातल्या, आणि ठपका आला तो त्या मुलावर. टिपणावर माझी सही नव्हती. वरिष्ठांपुढे जाऊन मला ते सांगावे लागले.

दुरुस्तीला बसल्यावर कळले, की अक्षर बदलून भागत नाही. 'एसडीए' खोडून 'एसडीबी' लिहिणे म्हणजे एक चूक पुसून दुसरी लिहिणे. तेथे फाइलसंचाची स्वतःची ओळखखूण, यूयूआयडी, द्यावी लागली. जुन्या टिपणांत तर अजून 'एचडीए' आढळते. ते नाव देणारे जुने आयडीई ड्रायव्हर लिनक्समधून २०२१ मध्येच काढून टाकले गेले. मूळ फाइलसंच जोडता आला नाही, या संदेशाच्या शेवटी कंसात दोन आकडे येतात. ते ०,० असतील तर कर्नलला ती डिस्क सापडलीच नाही. ८,१ असतील तर सापडली, पण तिच्यावरील रचना वाचता आली नाही. दोन्ही रोगांना एकच काढा सांगणारी पाने मी पाहिली आहेत. माझेही त्यांतलेच होते.

लिनक्सच्या कर्नलचे दस्तऐवज त्याच्या मूळ आज्ञावलीबरोबरच ठेवले जातात. तेथे एका शब्दाची दुरुस्ती पाठवायची तरी कारण लिहावे लागते आणि खाली आपले नाव घालावे लागते. आम्हा कचेरीवाल्यांना ही नस्तीवरील टिप्पणीची रीत परकी वाटू नये. पण भिंतीवरच्या कागदाला ती लावण्याचे मला सुचले नव्हते.

नव्या टिपणावर आवृत्ती आहे, तारीख आहे, सही आहे. शेवटची पायरी मी काढून टाकली. लावण्यापूर्वी ते त्याच सहकाऱ्याला वाचायला दिले. त्याने पहिल्याच पानावर आणखी एक चूक दाखवली.