हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आजचा विषय आजाराचा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. सूतगिरणीत पाळी करणारी आणि उरल्या वेळात मिळेल ते वाचणारी माणसं. पण वस्तीत "अमका हार्ट फेलनं गेला" हे इतक्यांदा कानावर येतं, की हार्ट फेल म्हणजे मरण असंच आपण धरून चालतो. मग केसपेपरवर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं दिसलं की घरात रडारड सुरू होते, नाहीतर "आता काय उपयोग" म्हणून औषधच सुटतं.

वस्तुस्थिती निराळी आहे. हृदय एकाएकी थांबणे, हा कार्डियाक अरेस्ट. हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी अडणे, हा हार्ट अटॅक. हार्ट फेल्युअरमध्ये पंप चालू असतो, पण कमजोर असतो. गिरणीतल्या माणसाला हे चटकन कळेल. पंप दमला की पुढे पाणी कमी पोचतं आणि मागे तुंबतं. शरीरात ते फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायांत उतरलं की सूज येते.

इथंच आपली फसगत होते. ब्लोरूम-कार्डिंगमध्ये वर्षानुवर्षे कापसाची धूळ खाल्लेल्याला दम लागला, की सगळे म्हणतात, "धुळीचा दमा." असतोही. पण त्याची सुरुवातीची खूण अशी, की साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते. हृदयाचा दम आडवं पडलं की वाढतो. एका उशीच्या तीन होतात, मध्यरात्री माणूस गुदमरून उठून बसतो. घोट्यावर बोट दाबलं तर खळगा राहतो. चार दिवसांत वजन वाढतं, आणि ते काही तूप खाल्ल्याचं नसतं! दोन्ही रोग एकाच माणसाला असू शकतात, म्हणून अंदाजावर बसू नये.

तपासणीत ईसीजी, एक्स-रे, एनटी-प्रोबीएनपी नावाची रक्ततपासणी असते. पण मुख्य म्हणजे इको. छातीवरून यंत्र फिरवून केलेली ही सोनोग्राफीच, सुई नाही की चिरा नाही. तिच्या कागदावर 'ई.एफ. ३५ टक्के' असं लिहिलेलं पाहून माणसं हबकतात, हृदय पस्तीसच टक्के उरलं म्हणतात. तसं नाही. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचा तो आकडा. शंभर टक्के कुणाचाच नसतो. धडधाकट माणसाचाही साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा खाली गेला की कमी धरतात, आणि औषधाने तो पुष्कळदा वर चढतो. उलट काहींचा आकडा ठीक असूनही हृदय ताठर झालेलं असतं. वय, ब्लडप्रेशर, मधुमेह असलेल्यांत हे जास्त. कारणं म्हणाल तर हार्ट अटॅक, ब्लडप्रेशर, दारू, लहानपणच्या सांधेतापाने बिघडलेल्या झडपा. भगिनींनो, बाळंतपणाच्या आगेमागेही हा आजार होतो. बाळंतिणीला झोपल्यावर दम लागत असेल तर तो अशक्तपणा समजू नका.

आता उपचार. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने अंगावरच्या सुजेवर फॉक्सग्लोव्ह या झाडपाल्याचं पुस्तक छापलं. त्याला तो नुसखा श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीकडून कळला होता. डॉक्टरचं नाव राहिलं, म्हातारीचं नाही, असो. त्या झाडापासूनचं डिगॉक्सिन आजही काहींना देतात. पण खरा पालट अलीकडचा. बीटा ब्लॉकर गोळ्या एके काळी या रोग्यांना वर्ज्य होत्या. १९९९ पर्यंतच्या मोठ्या चाचण्यांत त्यांनीच आयुष्य वाढतं हे दिसलं. हल्ली ई.एफ. कमी असलेल्यांना चार प्रकारची औषधं मिळून देतात. बीटा ब्लॉकर, एनालाप्रिल किंवा त्याहून नवं औषध, स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी, आणि मुळात मधुमेहासाठी निघालेलं डॅपाग्लिफ्लोझिनसारखं औषध. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात संपलं, म्हणून ते स्वस्त झालं. डॉक्टरांना जेनेरिक लिहून मागायला लाजू नका.

लघवीची गोळी सुजेचं पाणी काढते, आराम लगेच पडतो. आणि आराम पडला की आपला माणूस सगळ्याच गोळ्या बंद करतो! ती चार औषधं सुजेसाठी नाहीत, हृदयासाठी आहेत. सूज उतरली तरी चालूच ठेवायची. गुडघेदुखीला मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या रोगात पाणी साठवते. लोणचं, पापड, सुकट, फरसाण यांत मीठ फार. 'कमी सोडियमचं' मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते रक्तात धोक्याइतकं वाढू शकतं.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहा. घरी काटा नसेल तर चार घरांत मिळून एक घ्या. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडे जा.